व्हेंतोतेनेचा थांबा

"आई, व्हेंतोतेनेला उतरायलाच हवं का?" मैथिलीने विचारलं.

आम्ही जहाजाच्या मागच्या डेकवर बसलो होतो. समोर प्रोचिदा बेटावरची घरं होती. पिवळी, गुलाबी, निळी. पण आभाळ इतकं खाली आलं होतं की सगळे रंग धुवून विटल्यासारखे दिसत होते. तिने माझ्यासाठी चहा आणला होता, पिशवी बुडवलेला, दूध वेगळं. मी तो हातात धरून बसले होते, पीत नव्हते.

"मग मी एवढ्या लांब कशाला आले?"

"तसं नाही. तिथे चढ आहे फार. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. माझं मी बघते."

  नेपल्सला जहाजात बसल्यापासून आमचं बोलणं असंच चाललं होतं. दोन वाक्यं व्हायची आणि मग पाण्याचा आवाज ऐकत बसायचं.

मैथिली माझी सून. विश्वजित माझा एकुलता एक मुलगा. तो इटलीत, तुरीनला गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. त्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. मे महिन्याच्या सुरुवातीला, व्हेंतोतेने नावाच्या एका लहानशा बेटावर तो समुद्रात बुडाला. मैथिलीने फोनवर सांगितलं ते एवढंच, की दोघं सुट्टीला तिथे गेले होते. दुपारी तो पोहायला उतरला. ती वाळूवर पडली होती, तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो कुठे दिसेना.

तेव्हा आम्हाला जाता आलं नाही. ह्यांच्या हृदयावर नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती आणि पासपोर्टही नव्हते. तिकडचं सगळं मैथिलीने एकटीने केलं आणि अस्थी घेऊन कराडला आली. प्रीतिसंगमावर आम्ही त्या सोडल्या. घाटावर सगळी भावकी होती. तिथे हे सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "माझा पोरगा कृष्णेच्या पुरात पोहलेला. तो बुडतो कसा? आणि नवरा पाण्यात असताना तुला झोप लागते कशी?"

ती ओल्या पायऱ्यांवर मान खाली घालून उभी राहिली.  त्यानंतर ती कराडला आलीच नाही. ज्यांना ती अण्णा म्हणायची त्या ह्यांनी तिचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. घेतलं तर शिवीसारखं. मला मात्र ती दर रविवारी फोन करायची. मी कोरडं बोलायचे, पण फोन उचलायचे.

ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची हे मी तेव्हाच मनात धरलं होतं. मैथिली टाळत राहिली. कधी तिला सुट्टी नाही, कधी तिकडे थंडी फार. शेवटी मी म्हटलं, तू नाही आणलंस तर मी एखाद्या टूरबरोबर येईन. तेव्हा तिने हे जहाज शोधलं. जेमतेम पंचवीस-तीस माणसांचं. नेपल्सहून निघायचं, एकेका बेटावर थांबायचं आणि परत यायचं. "तुम्हाला गाड्या बदलायला नकोत, सामान उचलायला नको," ती म्हणाली. हे यायला तयार नव्हते. "मला त्या पाण्याचं तोंड बघायचं नाही," म्हणाले. मग मी एकटीच आले. पासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून.

तिने माझ्यापासून काहीतरी लपवलंय असं मला पहिल्यापासून वाटत होतं. काय, ते कळत नव्हतं. भांडण झालं असेल. रागाच्या भरात तो पाण्यात गेला असेल. किंवा हिने मुद्दाम हाक मारली नसेल. माणसाचं मन कुठे कुठे जातं. मी चाळीस वर्षं कराडात शिवणक्लास चालवला. कापडात कुठे टाका चुकलाय ते उलटं न करता कळायचं मला. हिच्या सांगण्यात तसा कुठेतरी चुकलेला टाका होता.

इस्कियाला पोचलो तेव्हा वारा सुटला. जहाज धक्क्याला बांधलेलं असूनही टेबलावरचे पेले सरकत होते. जेवताना कप्तान येऊन इंग्रजीत काही बोलला. काही लोक हळहळले. मैथिलीने मला सांगितलं, "वारा असाच राहिला तर व्हेंतोतेनेला थांबता येणार नाही म्हणतात. तिथलं बंदर लहान आहे. सरळ पोंझाला जाऊ."

"असं कसं? माझं त्या एका ठिकाणासाठी..."

"त्यांच्या तरी हातात काय आहे, आई?"

आवाज समजूत घालणारा होता. पण तिने पाव ओढून घेतला, सूप संपवलं, पुन्हा मागितलं. नेपल्सपासून पहिल्यांदाच ती पोटभर जेवत होती.

"बरं वाटलं ना तुला?" मी म्हटलं.

तिचा चमचा थांबला. "काय?"

"तिथे जायचं टळलं, म्हणून बरं वाटलं."

"नाही, आई."

"तुझ्या मनात जे असेल ते असो. मला फक्त खरं काय ते पाहिजे. तुम्ही भांडला होता का?"

"नाही."

"मग तुला भीती कसली वाटते त्या जागेची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं हे मी तेव्हा नीट पाहिलं. तिशीतली पोर, पण कपाळाजवळचे केस पांढरे झाले होते. "माझा नवरा गेला तिथे," ती म्हणाली. "भीती वाटणार नाही का?"



सकाळी वारा पडला होता. थोडा वेळ थांबू, पण भोंगा वाजला की लगेच परतायचं, असं कप्तानाने सांगितलं. मैथिली केबिनमध्ये बसून होती. तिला उलटी झाली होती. "आई, तुम्ही त्या लोकांबरोबर जाऊन या. मी पडते."

"ठीक आहे. मी विचारत विचारत जाईन."

हे ऐकलं मात्र, ती झटकन उठली. तोंड धुतलं, बूट घातले. "नको. मी येते."

व्हेंतोतेने लांबून बघितलं तर एखादी फळी पाण्यावर टाकावी तसं सपाट दिसतं. जवळ गेल्यावर कडे दिसतात, मातकट, पोखरलेले. दगड कोरून केलेलं जुनं रोमन बंदर आहे. पलीकडे समुद्रात एक ओकंबोकं टेकाड, त्याच्यावर गोल आकाराचा पडका तुरुंग. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं झालं होतं, शिशासारखं. हंगाम संपत आला होता, म्हणून दुकानंही अर्धी बंदच होती.

बाकीचे लोक गावाकडे चढायला लागले. मैथिलीने मला खालच्या वाटेने नेलं. ती भराभर चालत होती, मान खाली घालून, चोरासारखी.

काळपट वाळूची एक चिंचोळी चौपाटी लागली. कोणी नव्हतं. पालथ्या घातलेल्या दोन होड्या तेवढ्या.

"इथे," ती म्हणाली.

मी उभी राहिले. मला वाटलं होतं, तिथे पोचल्यावर मी कोसळेन. तसं काही झालं नाही. पाणी येत होतं, जात होतं. कुठल्याही पाण्यासारखं पाणी.

"तू कुठे पडली होतीस?"

तिने हाताने दाखवलं. "तिथे. होड्यांच्या जवळ."

"आणि तो उतरला कुठून?"

"इथून."

मी पिशवीतून भडंगाची पुडी काढली. विश्वजितला भडंग फार आवडायचं. जयसिंगपूरचं, भरपूर लसणाचं. तुरीनला जाताना दर वेळी पाच-सहा पाकिटं न्यायचा. मी पाण्याच्या कडेला जाऊन मूठभर सोडलं. लाटेने ते परत माझ्या पायाशी आणून टाकलं. तेवढ्यात कुठून कोण जाणे, पांढरे समुद्रपक्षी आले आणि केकाटत, एकमेकांना टोचत सगळं खाऊन गेले. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवावा म्हणून ताटकळत बसावं लागतं. कृष्णाकाठी त्याच्या पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. इथे हे पक्षी विचारायलासुद्धा थांबले नाहीत.

मी परत फिरले आणि पुन्हा विचारलं, "कुठे म्हणालीस, कुठे पडली होतीस तू?"

तिने हात केला. या वेळी होड्यांकडे नव्हे, उलट बाजूच्या खडकांकडे.

मी तिच्याकडे बघितलं. तिलाही कळलं. ती काही बोलणार, इतक्यात वरच्या रस्त्यावरून हाक आली, "सिन्योरा! सिन्योरा मोहिते!"

भाजीची पिशवी घेतलेली एक बाई कठड्याशी उभी होती. माझ्याच वयाची, जाड, पांढरे केस आखूड कापलेले. ती सपाता घासत, घाईघाईने वाळूत उतरली आणि तिने मैथिलीला मिठीच मारली. तिचे गाल हातात घेतले, थोपटले. मैथिली लाकडासारखी उभी होती. मग त्या बाईची नजर माझ्यावर आली, माझ्या साडीवर. तिने काही विचारलं. मैथिलीच्या उत्तरातला एकच शब्द मला कळला, मम्मा.

बाईने हातातली पिशवी वाळूत टाकली. माझे दोन्ही हात धरले आणि ती बोलायला लागली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मध्येच ती छातीवर हात ठेवायची, मध्येच वर गावाकडे दाखवायची. पुष्कळ वेळ बोलली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"वाईट वाटलं म्हणतात."

"एवढं बोलल्या की त्या."

"तेच पुन्हा पुन्हा."

"कोण आहेत ह्या?"

मैथिली म्हणाली, "अस्सुंता. आम्ही ह्यांच्याकडे खोली घेतली होती."

"मग खोली बघायची आहे मला."

"आई, भोंगा होईल आता."

"होऊ दे."

मी अस्सुंताकडे बघून वर बोट केलं आणि झोपल्यासारखा हात गालाला लावला. तिला लगेच समजलं. तिने माझा दंड धरला. मागे वळून मी बघितलं तर मैथिली तिथेच उभी होती. मग तिने वाळूतली भाजीची पिशवी उचलली आणि ती आमच्या मागून यायला लागली.

चढ खरंच फार होता. प्रत्येक पायरीला अस्सुंता थांबायची, माझ्या गुडघ्याकडे बघून मान हलवायची. तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. आत अंधार, ओला चुन्याचा वास. तिने वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि बाजूला झाली.

पांढरी भिंत. एक खिडकी, खिडकीतून समुद्र आणि तो गोल तुरुंग. खिडकीशी एक खुर्ची. भिंतीला लावून एक लोखंडी पलंग, अरुंद, वसतिगृहात असतो तसा. दुसरा पलंग ठेवायला जागाच नव्हती.

अस्सुंता खुर्चीवर बसली. हनुवटीखाली हात घेऊन तिने खिडकीबाहेर बघितलं आणि माझ्याकडे वळून मान हलवली. तो असा बसायचा. दिवसभर असाच. मग तिने एक बोट वर केलं. एकच. मैथिलीकडे हात करून मग तो हात लांब, लांब, खिडकीच्या पार पलीकडे नेला. कानाशी फोन धरल्यासारखं केलं. आणि मग दोन्ही हातांनी, लाटांवरून होडी येते तसं दाखवून पुन्हा मैथिलीकडे बोट केलं. ही नंतर आली.

तिची भाषा मला येत नव्हती. पण यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

"मैथिली," मी म्हटलं, "तू कुठे झोपायचीस?"

ती दारातच उभी होती.

"एका माणसाचा पलंग आहे हा."

"आई, बोटीची वेळ झाली."

"तू कुठे होतीस?"

तिने चौकटीला पाठ टेकली. पिशवी अजून हातातच होती.

"तुरीनला," ती म्हणाली.

अस्सुंता आमच्या दोघींकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं की आपण काहीतरी भलतंच केलं. तिने मैथिलीच्या हातातली पिशवी घेतली आणि ती खाली गेली.

मी पलंगावर बसले. तो करकरला.

"पोहायला नव्हता गेला तो?"

"नाही, आई."

"मग?"

 तिने सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, ते फक्त तिने काही वेगळं सांगावं म्हणून.

मग तिने सांगितलं. "वर्षभर आजारी होता तो. मनाचा आजार. डॉक्टर होते, औषधं होती. मध्ये बरा झाला होता, कामाला जायचा. मग त्याने गोळ्या बंद केल्या. मला कळू दिलं नाही. कामासाठी रोमला जातो म्हणून निघाला. मी त्याची बॅग भरून दिली. मला पोलिसांचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होते."

"आम्हाला का नाही सांगितलंस? आजाराचं?"

"त्याने शपथ घातली होती. तुम्हा दोघांना काही कळता कामा नये म्हणायचा. रविवारी तुमचा फोन यायच्या आधी तो दाढी करायचा, चांगला शर्ट घालायचा. तुमच्याशी हसून बोलायचा. फोन ठेवला की त्याच शर्टात आडवा व्हायचा, तो सोमवारपर्यंत उठायचा नाही."

मला ते रविवार आठवले. त्याचा हसरा चेहरा फोनवर दिसायचा. हे म्हणायचे, पोरगा मजेत आहे.

"आणि ते वाळूवर डोळा लागल्याचं?"

"अण्णांनी फोनवर पहिलं काय विचारलं माहितीय? तू कुठे होतीस. फोन केला तेव्हा मी इथेच होते, ह्या घरात, खालच्या खोलीत. पोलीस बसले होते. मला काहीतरी सांगायला हवं होतं. ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता त्यांचं. खरं सांगितलं तर ते टिकतील असं मला वाटलं नाही. तोंडातून जे आलं ते आलं. एकदा बोलल्यावर मग ते मागे घेता येईना."

"घाटावर एवढं बोलले ते तुला. चारचौघांत."

"बोलू दे म्हटलं." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला. "रागवायला त्यांना कोणीतरी हवं होतं ना, आई. मी नसते तर त्यांनी विशूवर राग धरला असता. नाहीतर स्वतःवर. माझ्यावर धरला ते बरं."

मी तिला जवळ बोलावलं नाही. आली असती तरी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मी त्या पलंगावरची चादर हाताने नीट करत बसले. किती माणसं त्यावर झोपून गेली असतील त्या दोन वर्षांत. कोणाला माहीत असेल?

जिन्यावर पावलं वाजली. अस्सुंता एक खोलगट थाळी घेऊन आली आणि तिने ती माझ्या हातात दिली. मसूर होता. अख्खा, बारीक, ह्या बेटावरच पिकतो म्हणे. ती मैथिलीशी हळू आवाजात बोलली.

"त्या म्हणतात," मैथिलीने या वेळी एकेक शब्द सांगितला, "तो काही खात नव्हता. हे मात्र खाल्लं. आवडलं का विचारलं तर म्हणाला, माझी आई करते असं."

खाली बंदरात भोंगा झाला. मैथिलीने माझ्याकडे बघितलं, पण चला म्हणाली नाही. मी चमचा उचलला. त्यात तिखट नव्हतं, कांदालसूण मसाला नव्हता, नुसता मीठ-तेलातला मसूर. घशाखाली उतरत नव्हता. तरी मी थाळी रिकामी होईपर्यंत खाल्लं. भोंगा पुन्हा झाला. अस्सुंता खिडकीतून खाली बघून कोणाला तरी ओरडून थांबा म्हणाली असावी.

निघताना तिने मला उराशी धरलं. तिच्या अंगाला कांद्याचा आणि साबणाचा वास येत होता.

जहाज पोंझाला गेलं, मग गाएताला. आम्ही दोघी कुठेच उतरलो नाही. डेकवर बसायचो. लोक येऊन उन्हाबद्दल काही बोलायचे, कारण ऊन पडायला लागलं होतं. मी एकदा तिचे केस विंचरून दिले. एवढंच. नेपल्सच्या विमानतळावर ती म्हणाली, "अण्णांना सांगू नका."

"ते मरेपर्यंत तुला शिव्या देत राहतील."

"सवय झालीय मला."

"मला नाही झालेली," मी म्हटलं.

कराडला पोचले तेव्हा हे ओट्यावर वाट बघत बसले होते. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "बघितलीस जागा?"

"बघितली."

"काय म्हणाली ती बया? सांगितलं का काही?"

मी आधी अंघोळ केली. मग ह्यांना आत बोलावलं, सकाळची गोळी घेतली का विचारलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. खोली, खुर्ची, पलंग, गोळ्या, रविवारचा शर्ट. काही ठेवलं नाही. मला भीती वाटत होती.  पण आम्ही दोघांनी मिळून जन्माला घातलेला मुलगा होता तो. त्याचं मरण मी एकटीने कसं ठेवून घेणार?

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं आहे."

"अहो..."

"त्या गोऱ्या बाईला शिकवून ठेवलं असेल तिनं. तुला भाषा कळती का? तुला काय वाटेल ते दाखवलं."

"मी पलंग बघितलाय."

"माझा पोरगा असलं करणार नाही." ते उठले. साखर कारखान्यात जन्मभर केमिस्ट म्हणून काम केलेला माणूस. पुराव्याशिवाय कधी बोलायचे नाहीत. दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. "कशाला सांगितलंस?" म्हणाले. "मला आधीचंच बरं होतं."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. जेवण वाढलं की जेवायचे, संध्याकाळी एकटेच प्रीतिसंगमावर जाऊन बसायचे. अंधार पडल्यावर परत यायचे. मैथिलीबद्दल वाईट शब्द मात्र पुन्हा कधी काढला नाही. एकदा त्यांच्या बहिणीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "त्या कैदाशिणीनं..." तर ताटावरून उठून गेले.

दिवाळी आली. आमच्याकडे करायचं काहीच नव्हतं. पाडव्याच्या सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तिला फोन लाव."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पलीकडून मैथिली "आई?" म्हणाली. ह्यांच्या तोंडून शब्द निघेना. 

"मी बोलतोय," शेवटी म्हणाले.  मग म्हणाले, "तिकडं थंडी पडली का?"

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. हे "हं" म्हणत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसतही नव्हते. शेवटी म्हणाले, "डिसेंबरात ये. घर आहे तुझं हे. मी स्वतः येतो स्टेशनवर न्यायला."

तिने तिकीट काढलं. ह्यांनी तिच्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली. इथली पोरगी तिकडच्या थंडीत राहते, तिला इथे काय थंडी वाजणार, असं मी म्हटलं तरी नवी रजई भरून आणली. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कधीतरी होणारच होतं. मी सांगितलं त्यामुळे तर नाही ना, हे मी त्यांना विचारलं नाही. त्याचं उत्तर माझं मलाच शोधत बसावं लागतं, अजूनही.

मैथिलीला कळवलं. तिला लगेच निघता आलं नाही. तिकीट होतं त्याच दिवसाला ती आली.

ओगलेवाडीला, कराडच्या स्टेशनावर, मी पहाटेच जाऊन बसले. भाचा म्हणत होता, मी आणतो मामी, पण मी एकटीच रिक्षाने गेले. धुकं होतं, रूळ दिसत नव्हते. गाडी आली. चारदोन माणसं उतरली, त्यांत ती. एक बॅग, अंगावर तिकडचा जाड कोट. तिने फलाटावर इकडेतिकडे बघितलं. हे नाहीत हे ठाऊक होतं तिला, तरी बघितलं. मग मी दिसले.

ती माझ्या पाया पडली आणि शेजारी बाकावर बसली. गाडी कोल्हापूरकडे निघून गेली. हमालही गेले. बाहेर रिक्षावाला थांबला होता, तो एकदा येऊन आम्हाला बघून गेला.

"चहा घेणार?" मी विचारलं.

तिने मान हलवली. कोणीच उठलं नाही. धुक्यात फलाट रिकामा होता, आणि घरी जायची आम्हा दोघींनाही काही घाई नव्हती.